प्रवासातील बालकांसाठी सुवाह्य सुरक्षा-आसने : निवड आणि वापर

राज्यातील रस्त्यांचे जाळे गेल्या काही दशकांत झपाट्याने विस्तारले आहे. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णत्वास गेला. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटर लांबीचा हा मार्ग पूर्ण झाला. मोटारीचा प्रवास ही आता मोजक्या कुटुंबांची चैन राहिलेली नाही. माहेरी बाळंत होऊन सासरी परतणारी लेक, कुलदैवताच्या दर्शनास निघालेले कुटुंब, बदलीच्या गावी बिऱ्हाड हलविणारा कर्मचारी, हे सारे स्वतःच्या नाही तरी भाड्याच्या मोटारीने प्रवास करताना दिसतात. या प्रवासात वाहनचालक पट्टा बांधतो, शेजारचाही बांधतो. सर्वांत लहान प्रवासी मात्र कोणाच्या तरी मांडीवर असतो.

केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी १६,७१५ जणांनी सुरक्षापट्टा बांधलेला नव्हता आणि यातील ८,३३१ जण हे चालक नव्हे, तर प्रवासी होते. पट्टा बांधण्याची जबाबदारी केवळ चालकाची आहे, हा समज किती महागात पडतो हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. मोठ्या माणसासाठी पट्टा मोटारीतच बसविलेला असतो. लहान बालकासाठी मात्र तो पुरेसा नसतो; त्याच्या देहाच्या मापाचे वेगळे साधन बरोबर न्यावे लागते. असे साधन सहज उचलून नेता येईल आणि एका मोटारीतून काढून दुसऱ्या मोटारीत बसविता येईल, अशा स्वरूपात आता मिळू लागले आहे. त्याची निवड कशी करावी, याचा विचार या लेखात केला आहे.

मांडीचा भरवसा

आईची मांडी ही बालकाची सर्वांत सुरक्षित जागा, ही आपल्याकडील जुनी भावना आहे. घरात ती खरीच आहे. धावत्या मोटारीत ती खरी ठरत नाही. याचे कारण शाळेतील पदार्थविज्ञानाच्या पहिल्या धड्यातच सापडते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार समोरच्या अडथळ्यावर आदळून थांबते. पण आतील माणसे त्याच वेगाने पुढे जात राहतात. या वेगास सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर कापले जाते. दहा किलो वजनाच्या बालकास हा वेग एका सेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावर आणावयाचा, तर त्याला धरून ठेवण्यासाठी सरासरी सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. कोणत्याही मातेच्या बाहूंत, तिची माया कितीही मोठी असली तरी, हे बळ असू शकत नाही. या वेगाचा आघात म्हणजे सुमारे पावणेदहा मीटर उंचीवरून, म्हणजेच तीन मजली इमारतीवरून खाली पडण्यासारखे होय. वेग ताशी १०० किलोमीटर झाला की आघाताची ऊर्जा दुप्पट नव्हे, तर चौपट होते.

बालकाला मांडीवर घेऊन दोघांभोवती मिळून एकच पट्टा बांधण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती अधिकच घातक आहे. आघाताच्या क्षणी मोठ्या माणसाचा सारा भार बालकावर येतो आणि पट्टा व तो देह यांच्या मध्ये बालक चिरडले जाते. पुढच्या आसनावर बालकास मांडीवर घेऊन बसणे तर सर्वांत धोक्याचे. नव्या मोटारींतील हवेची उशी प्रौढांच्या रक्षणासाठी असते. ती अत्यंत वेगाने फुगते आणि समोर बालक असल्यास त्यालाच तिचा तडाखा बसतो.

हा समज केवळ आपल्याकडीलच आहे असे नाही. बालकांस सुरक्षा-आसनात बसविणे सक्तीचे करणारा अमेरिकेतील पहिला कायदा टेनेसी राज्याने केला. मर्फ्रीसबरो येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स यांनी त्यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले आणि १ जानेवारी १९७८ पासून तो अमलात आला. तथापि, मोठ्या माणसाने हातात धरलेल्या बालकास त्या कायद्यात सूट ठेवण्यात आली होती. बालकांना कायद्याने संरक्षण दिले, पण सर्वांत धोक्याची रीत मात्र तशीच मोकळी राहिली. १९८१ साली ही सूट रद्द करण्यात आली आणि १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी असे कायदे केले. तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या अनुमानाप्रमाणे मोटारींमध्ये सुरक्षा-आसनांचा योग्य वापर केल्यास एक वर्षाखालील अर्भकांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षे वयाच्या बालकांचा धोका ५४ टक्क्यांनी घटतो.

कायद्यातील तरतूद

आपल्या देशात मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली झालेल्या सुधारणेने कलम १९४-ब समाविष्ट करण्यात आले. ते १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आले. चौदा वर्षांखालील बालकास सुरक्षापट्टा किंवा बालकांसाठीची बंधनयोजना यांनी सुरक्षित न करता वाहन चालविणे, अथवा तसे चालवू देणे, हा या कलमान्वये एक हजार रुपये दंडास पात्र असा अपराध आहे. ‘चालवू देणे’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. जबाबदारी केवळ चालकावर टाकून मोटारीच्या मालकास किंवा प्रवास ठरविणाऱ्यास मोकळे होता येत नाही.

सुरक्षा-आसनांच्या गुणवत्तेसाठी भारतात एआयएस-०७२ हे मानक आहे. याशिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या मोटार-मूल्यांकन योजनेत बालकांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र ४९ गुण ठेवण्यात आले आहेत. दीड व तीन वर्षांच्या बालकांच्या आकाराचे पुतळे सुरक्षा-आसनांत बसवून त्यासाठी चाचण्या घेतल्या जातात. मोटार खरेदी करणाऱ्या कुटुंबाने प्रौढांसाठीच्या ताऱ्यांबरोबर हे गुणही पाहावेत.

बालकाच्या मापाप्रमाणे आसन

निवडीचा पहिला निकष आसनाची किंमत किंवा रंग हा नसून बालकाचे वजन व उंची हा होय. प्रचलित गटवारीप्रमाणे १३ किलोपर्यंतच्या अर्भकांसाठी एक, ९ ते १८ किलोच्या बालकांसाठी दुसरा, १५ ते २५ किलोसाठी तिसरा आणि २२ ते ३६ किलोसाठी चौथा गट आहे. युरोपात २०१३ पासून लागू झालेल्या नव्या नियमात वजनाऐवजी मुख्यत्वे उंचीवरून वर्गीकरण केलेले असून पंधरा महिने पूर्ण होईपर्यंत बालकास मागे तोंड करून बसविणे बंधनकारक आहे.

मागे तोंड करून, म्हणजे मोटारीच्या मागील काचेकडे पाहत बसविण्याची ही कल्पना स्वीडनमधील संशोधक बर्टिल आल्डमन यांनी १९६० नंतरच्या दशकात मांडली. उड्डाणाचा दाब पाठीवर घेण्यासाठी अंतराळवीर ज्या स्थितीत बसतात, त्यावरून ती सुचल्याचे सांगितले जाते. अर्भकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके असते आणि मानेची हाडे पुरती घट्ट झालेली नसतात. पुढे तोंड करून बसविलेल्या अर्भकाचे धड पट्ट्यांनी अडते. जड डोके मात्र पुढे झेपावते आणि मानेवर असह्य ताण येतो. मागे तोंड असल्यास आसनाचे कवच पाठ, मान व डोके यांना एकत्र आधार देते व आघात सर्वत्र विभागला जातो. यास्तव आसनाच्या मर्यादेत बसेल तोवर बालकास मागे तोंड करूनच बसवावे. पाय मागच्या गादीला टेकतात एवढ्यासाठी त्याला घाईने पुढे वळवू नये.

सुवाह्य साधनांचे प्रकार

प्रवासात बरोबर नेण्याजोगी साधने ढोबळमानाने चार प्रकारची असतात.

पहिला प्रकार मूठ असलेल्या अर्भक-आसनाचा. टोपलीसारखे हे आसन बालकासह उचलता येते आणि त्याची अनेक प्रतिरूपे वेगळ्या बैठकीशिवाय मोटारीच्या पट्ट्यानेच बसविता येतात. जन्मापासून साधारण वर्षभर ते उपयोगी पडते. प्रसूतिगृहातून घरी येण्याचा पहिला प्रवास यातून व्हावा, हे उत्तम.

दुसरा प्रकार हलक्या वजनाच्या पंचबंधी आसनाचा. यात दोन खांद्यांवरून, दोन कमरेशी आणि एक पायांमधून असे पाच पट्टे एका बकलात अडकतात. यातील काही आसने घडी घालून पिशवीत नेता येतात. मात्र घडीची बरीच आसने केवळ पुढे तोंड करून वापरावयाची असल्याने ती एक वर्षाच्या बालकास योग्य नव्हेत. खरेदीपूर्वी ही बाब अवश्य पाहावी.

तिसरा प्रकार प्रवासी जाकिटाचा. बालकाच्या अंगात जाकीट घालून मोटारीचा पट्टा त्यावरील कड्यांतून ओवला जातो. वजनास हलके व भाड्याच्या मोटारींत फिरणाऱ्यांस सोयीचे असे हे साधन आहे. परंतु ते साधारण तीन वर्षांपुढील, स्वस्थ बसू शकणाऱ्या बालकांसाठीच असते.

चौथा प्रकार बूस्टर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंच बैठकीचा. ती बालकास स्वतः बांधून ठेवत नाही. बालकास उंच करून मोटारीचा पट्टा योग्य ठिकाणी, म्हणजे पोटावर न येता मांडीच्या वरच्या हाडांवर आणि मानेवर न येता खांद्याच्या मध्यावर, आणून देते. हवा भरून फुगविण्याच्या व घडीच्या बैठकाही मिळतात. साधारण चार वर्षांपूर्वी बूस्टर वापरू नये. केवळ कमरेचा पट्टा असलेल्या जागी तर तो कधीच वापरू नये, कारण तेथे बालकाच्या छातीस व डोक्यास कोणताच आधार राहत नाही. उंची सुमारे १४५ सेंटिमीटर होऊन पाठ आसनास टेकलेली असताना गुडघे आसनाच्या कडेवर वाकू लागले, की बालकास केवळ मोटारीचा पट्टा पुरतो.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

दुकानात जाण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. बालकाचे आजचे वजन व उंची किती? अंगणवाडीच्या वृद्धिपत्रकावर ही माहिती आयतीच असते. ज्या मोटारींतून प्रवास घडतो, त्यांच्या मागील आसनांवर खांद्यावरून येणारा पट्टा आहे की केवळ कमरेचा? मोटारीत आयसोफिक्स कड्या आहेत काय? एका प्रवासात आसन किती वेळा काढावे-घालावे लागेल? आणि ते कोण उचलणार?

आयसोफिक्स म्हणजे आसनाची बैठक व पाठ यांच्या फटीत, एकमेकींपासून २८० मिलिमीटरवर बसविलेल्या दोन पोलादी कड्या. आसनाचे आकडे त्यांत अडकविले की बसविण्यातील चुका कमी होतात. परंतु जुन्या मोटारींत व अनेक भाड्याच्या वाहनांत या कड्या नसतात. म्हणून निरनिराळ्या वाहनांतून फिरणाऱ्या कुटुंबाने मोटारीच्या पट्ट्यानेही बसविता येईल असेच आसन घ्यावे.

आसनावरील चिठ्ठी हे त्याचे प्रमाणपत्र होय. एआयएस-०७२ किंवा युरोपीय मानकाचा उल्लेख, वजनाची अथवा उंचीची मर्यादा आणि निर्मितीची तारीख तीवर असावी. युरोपीय मान्यतेच्या चिठ्ठीवर वर्तुळात इंग्रजी ‘ई’ अक्षर व एक क्रमांक असतो. चिठ्ठी नसलेले आसन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. शिवणयंत्रावर शिवलेले नुसते कापडी पट्टे, पट्ट्याची उंची कमी करणाऱ्या चिमट्या आणि अंगावर बाळ बांधण्याच्या झोळ्या ही मोटारीतील सुरक्षासाधने नव्हेत. वापरलेले आसन घेताना ते अपघातात सापडलेले नाही, याची खात्री देणाऱ्या माहितीतल्या व्यक्तीकडूनच घ्यावे. प्लास्टिक उन्हाने व वयाने ठिसूळ होते. त्यामुळे निर्मात्याने दिलेली वापराची मुदतही पाहावी.

परदेशातून येणाऱ्या नातलगांबरोबर अशी आसने येतात. अमेरिकेतील आसन तेथील मानकाप्रमाणे तपासलेले असते. मात्र ते बसविताना एक अडचण संभवते. तेथील मोटारींचा पट्टा पूर्ण ओढून घेतल्यावर घट्ट अडकून राहतो. येथील बहुतेक मोटारींचा पट्टा झटका बसला तरच अडकतो; एरवी तो सैल होत जातो. अशा वेळी आसनावरच पट्टा पकडून ठेवणारी खिट्टी आहे किंवा नाही, हे निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे. विमानात वापरण्यासाठी म्हणून विकले जाणारे बालकांचे पट्टे मोटारीत चालत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

बसविण्याची रीत

उत्तम आसन चुकीचे बसविले तर त्याचा उपयोग राहत नाही. आसन नेहमी मागील बाजूस बसवावे. हवेची उशी चालू असलेल्या पुढच्या जागेवर मागे तोंड असलेले आसन कदापि ठेवू नये. आसनावर गुडघ्याने भार देऊन मोटारीचा पट्टा ओढून घ्यावा. नंतर पट्टा जेथून जातो त्या ठिकाणी आसन धरून हलवून पाहावे. ते अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक हलत असेल तर पुन्हा बसवावे.

बालकाचे पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या पातळीस किंवा किंचित खाली, आणि पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीस किंवा किंचित वर असावेत. खांद्यावरील पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहावा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे असे समजावे. थंडीत जाड स्वेटर किंवा शाल पट्ट्याखाली येऊ देऊ नये. आघाताच्या वेळी ती दबून पट्टा ढिला पडतो. बालकास आधी पट्टे बांधून वरून पांघरूण घालावे. अर्भकाची हनुवटी छातीस टेकून श्वास कोंडणार नाही इतके आसन मागे कललेले असावे. दर दोन तासांनी थांबून बालकास बाहेर घ्यावे. मुक्कामी पोहोचल्यावर त्याला आसनातच झोपू देऊ नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बकलाचा धातू तापून चटका बसतो, म्हणून हात लावून पाहावा. बंद मोटारीत बालकास क्षणभरही एकटे ठेवू नये. उन्हात पहिल्या दहा मिनिटांतच आतील तापमान सुमारे दहा-अकरा अंशांनी वाढू शकते.

वडाप, टॅक्सी आणि दुचाकी

ग्रामीण भागात पुष्कळ प्रवास वडापच्या जीपमधून होतो. तेथे आडव्या बाकांवर पट्टेच नसतात आणि पट्ट्याविना कोणतेही आसन बसविता येत नाही. अशा वाहनात बालकासाठी पूर्ण सुरक्षिततेचा उपाय नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पर्याय असेल तेव्हा एस.टी.ने जावे, मोटार भाड्याने ठरवितानाच मागे पट्टे असलेले वाहन मागावे. पट्टे खोळीखाली दडपलेले असल्यास चालकास ते बाहेर काढावयास सांगावे. भाडे ठरविण्यापूर्वी ही विचारणा करणे अधिक सोपे असते.

दुचाकीसाठी स्वतंत्र नियम आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या व एक वर्षानंतर अमलात आलेल्या नियमाप्रमाणे चार वर्षांखालील बालकास चालकाच्या खांद्यांशी जोडणारे, ३० किलोपर्यंत भार पेलणारे सुरक्षा-जाकीट घालणे आवश्यक आहे. नऊ महिन्यांवरील बालकास त्याच्या मापाचे शिरस्त्राण असावे आणि वाहनाचा वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. हे जाकीट बालकास दुचाकीवरून पडू देत नाही, एवढेच त्याचे कार्य आहे. मोटारीत ते सुरक्षा-आसनाची जागा घेऊ शकत नाही.

गावपातळीवर काय करता येईल

सुरक्षा-आसनाचा खर्च अनेक कुटुंबांस जड वाटतो आणि अर्भक-आसन तर वर्षभरातच लहान होते. म्हणूनच हे साधन सामायिक वापरास योग्य आहे. ग्रामपंचायत, महिला बचत गट किंवा सहकारी संस्था यांनी दोन-तीन मान्यताप्राप्त आसने घेऊन ती प्रवासापुरती नाममात्र भाड्याने दिल्यास अनेक घरांची सोय होईल. त्यासाठी एक नोंदवही पुरेशी आहे. आसनाची निर्मिती-तारीख, ते कोणास व कधी दिले आणि परत येताना ते अपघातात सापडले होते काय, एवढे तीत नोंदवावे. अपघातात सापडलेले आसन दुरुस्त न करता मोडीत काढावे व त्याचे पट्टे कापून टाकावेत, म्हणजे ते पुन्हा कोणाच्या वापरात येणार नाही.

शिक्षकांनी वेग, जडत्व व ऊर्जा हे धडे शिकविताना मांडीवरील बालकाचे उदाहरण घ्यावे. वर्गातील मूल हे गणित घरी जाऊन सांगते आणि धाकट्या भावंडासाठी पालकांना विचारते. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्यांनी प्रसूतीपूर्व भेटींत घरी परतण्याच्या प्रवासाचाही विषय काढावा. अधिकाऱ्यांनी कुटुंबासह प्रवास करताना स्वतःच्या मोटारीत हा नियम पाळला, तर त्याचा परिणाम भाषणाहून अधिक होईल.

बालकास आसनात बांधताना ते प्रथम रडते, आणि आजी त्याला उचलून मांडीवर घ्यावयास पाहते. ही माया समजण्याजोगी आहे. पण बालक चार-दोन प्रवासांत आसनास रुळते. आजीने त्याच्या शेजारी बसून हात धरला तर आणखी लवकर रुळते. मोटार सुरू होण्यापूर्वीची ही पाच मिनिटे प्रत्येक कुटुंबाने राखून ठेवावीत आणि सर्वांत लहान प्रवाशाचा पट्टा सर्वांत आधी बांधला जावा.